एमिल झाटोपेक : शर्यतीतला आणि शर्यतीबाहेरचा

जुलै 1952. हेलसिंकी ऑलिंपिकला निघालेला चेकोस्लोव्हाकियाचा चमू प्रागच्या विमानतळावर जमला होता आणि त्यातला सर्वांत नावाजलेला खेळाडू विमानात चढायला तयार नव्हता. कारण त्याच्या स्वतःच्या शर्यतीचं नव्हतंच. 1500 मीटर धावणारा स्टानिस्लाव युंगविर्थ याचं नाव ऐनवेळी यादीतून कापलं गेलं होतं. युंगविर्थचे वडील राजवटीच्या विरोधात गेले म्हणून तुरुंगात होते. अशा माणसाच्या मुलाला देशाबाहेर जाऊ द्यायचं नाही, असा वरून हुकूम होता. एमिल झाटोपेकने सांगितलं, तो येणार नसेल तर मीही येत नाही. विमान दोघांना सोडून गेलं.

हे धाडस किती मोठं होतं, ते समजण्यासाठी त्या वर्षीचं प्राग डोळ्यांसमोर आणावं लागतं. फेब्रुवारी 1948 मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली होती. पक्षाचा माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की तुरुंगात खटल्याची वाट पाहत होता. डिसेंबर 1952 मध्ये त्याच्यासह 11 जणांना फाशी दिलं गेलं. पक्षाच्या शिखरावरच्या माणसाची ही गत, तिथे सैन्यात अधिकारी असलेल्या झाटोपेकने उघड उघड हुकूम मोडायचा म्हणजे काय! काही दिवस ताणाताणी झाली आणि अखेर सरकार नमलं. झाटोपेक आणि युंगविर्थ दोघेही हेलसिंकीला पोहोचले. पुढे 1957 मध्ये याच युंगविर्थने 1500 मीटरचा जागतिक विक्रम केला.

झाटोपेकवर लिहिणारे ही हकिगत हटकून सांगतात आणि ती सांगायलाच हवी. पण याच माणसाने दोन वर्षांपूर्वी काय केलं होतं आणि एकोणीस वर्षांनी काय केलं, हे त्याच दमात सांगणारे थोडे. मला तो पूर्ण झाटोपेक महत्त्वाचा वाटतो. त्याला संत करून भिंतीवर टांगलं, तर त्याच्या धैर्याची खरी किंमतच कळत नाही.

त्याचा जन्म 19 सप्टेंबर 1922 चा, मोराव्हियातल्या कोप्रिव्नित्से गावचा. टाट्रा मोटारींचा कारखाना असलेलं हे गाव. वडील सुतार, घरात मुलंच मुलं, पैशाची ओढाताण. सोळाव्या वर्षी पोरगा झ्लिनला बाटाच्या बूट कारखान्यात लागला. शाळेचे काळे बूट घ्यायला आपण ज्या बाटाच्या दुकानात जायचो, त्या बाटाचं मूळ गाव हेच झ्लिन. तिथे कामगारांच्या पोरांची राहण्याची, शिकण्याची, खेळण्याची सोय कारखानाच पाहायचा आणि बदल्यात त्यांच्या दिवसाचा तास न् तास वसूल करायचा. 1939 पासून देश जर्मनांच्या ताब्यात होता. 1941 मध्ये कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने चार पोरांकडे बोट दाखवून शर्यतीत धावायचा हुकूम सोडला. झाटोपेकने तब्येतीचं निमित्त पुढे केलं. शिक्षकाने त्याला डॉक्टरकडे पाठवलं आणि डॉक्टरने ठणठणीत असल्याचं सांगितलं. धावणं भाग पडलं. शंभर जणांत तो दुसरा आला, आणि दुसरा आल्याचं त्याला वाईट वाटलं. पुढचं सगळं त्या वाईट वाटण्यातून आलं.

धावण्याचे पहिले धडे त्याला यान हालुझाने दिले. हालुझा स्वतः चांगला धावपटू, पेशाने वकील. फेब्रुवारी 1948 नंतरच्या धरपकडीत हा हालुझा राजकीय कैदी झाला. म्हणजे झाटोपेक ज्या वर्षी ऑलिंपिक विजेता झाला, त्याच वर्षी त्याचा पहिला गुरू गजाआड गेला. राजवट काय करू शकते हे त्याला फार जवळून ठाऊक होतं.

आता त्याच्या सरावाविषयी. कारण त्याच्या कारकिर्दीचं मर्म तिथे आहे.

त्या काळी लांब पल्ल्याचे धावपटू लांब अंतर एका लयीत धावून तयारी करायचे. फिनलंडच्या पाव्हो नुर्मीचा आदर्श सगळ्यांसमोर होता: हातात घड्याळ, प्रत्येक फेरी सारख्या वेळेत. झाटोपेकने हिशेब उलटा मांडला. सावकाश धावायला मला येतंच, शिकायचं आहे ते जोरात धावणं. मग सराव जोरात धावण्याचाच करू. म्हणून तो 400 मीटर जोरात धावायचा, 200 मीटर हलकेच धावत दम परत आणायचा, आणि पुन्हा 400. पूर्ण थांबायचं नाही. विश्रांती इतकीच, की हृदयाचे ठोके थोडे खाली यावेत पण थकवा पुरता उतरू नये. शरीराला थकव्यातच वेग धरायची सवय लागते ती अशी. जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर हा प्रशिक्षक 1930 च्या दशकापासून याच दिशेने काम करत होता, तेव्हा ही कल्पना झाटोपेकच्याच डोक्यातून आली असं म्हणता येणार नाही. पण ती ज्या टोकाला त्याने नेली, तिथे कोणी पोहोचलं नव्हतं. 1948 च्या सुमारास त्याचा एक नेहमीचा सराव असा: 200 मीटर पाच वेळा, 400 मीटर वीस वेळा, पुन्हा 200 मीटर पाच वेळा. पुढे विसाचे चाळीस झाले. 1954 मध्ये काही दिवस तो रोज शंभर वेळा 400 मीटर धावला, पन्नास सकाळी आणि पन्नास संध्याकाळी. नुसतं जोरात धावलेलंच अंतर 40 किलोमीटर. मधलं हलकं धावणं वेगळं.

हे सगळं तो सैन्यातली नोकरी सांभाळून करत होता. जड लष्करी बूट घालून, बर्फात, अंधार पडला की हातात विजेरी घेऊन जंगलातून. कपडे धुवायचे असले की ते न्हाणीघरातल्या टबात भिजत घालून त्यावर जागच्या जागी धावायचा. तरुणपणी कामावर जाताना रस्त्याकडेच्या पॉप्लरच्या झाडांमधून तो श्वास रोखून चालायचा, रोज एक झाड पुढे. एके दिवशी शुद्ध हरपून पडला. यातलं शेवटचं कुणी करू नये. पण शंभर वेळा 400 मीटर हा वेडेपणा नव्हता, त्यामागे विचार होता. आज आपल्याकडच्या जिल्हा क्रीडासंकुलात पोलीस भरतीसाठी पोरं-पोरी पहाटे चारशेचे फेरे मारतात, मधे जॉग करतात, पुन्हा सुटतात. त्या सरावाच्या वाटेवर झाटोपेकच्या पावलांचे ठसे आहेत.

धावताना मात्र तो बघवत नसे. डोकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर कलंडतंय, तोंड वेडंवाकडं, जीभ बाहेर, हात छातीशी आवळलेले. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, पुढच्या वळणावर हा कोसळणार. वार्ताहरांनी त्यावर रकानेच्या रकाने लिहिले. त्याचं म्हणणं असं, की धावणं म्हणजे काही जिम्नॅस्टिक्स किंवा बर्फावरचं नृत्य नव्हे. सौंदर्याचे गुण मिळायला लागले की बघू. मला वाटतं, त्या चेहऱ्याने प्रतिस्पर्धी फसायचे. कमरेखाली पाहिलं, तर पावलं एकसारखी आणि काटकसरीने पडत असत.

लंडन, 1948. दहा हजार मीटरमध्ये जागतिक विक्रमवीर विल्यो हाइनो त्याच्यासमोर होता. झाटोपेकने आपल्या प्रशिक्षकाशी खूण ठरवली होती: फेरी 71 सेकंदांपेक्षा सावकाश झाली, की गॅलरीतून लाल बनियन हलवायचं. काही फेऱ्यांनी लाल बनियन दिसलं आणि झाटोपेक सुटला. हाइनोने शर्यत सोडली. झाटोपेक 29 मिनिटं 59.6 सेकंदांत आला. दुसरा आलेला फ्रान्सचा आलँ मिमून तब्बल 48 सेकंद मागे होता. तीन दिवसांनी 5000 मीटरमध्ये बेल्जियमचा गास्तों राइफ पुढे निघून गेला. शेवटच्या फेरीत झाटोपेकने मरणाचा जोर लावला, पण 0.2 सेकंद कमी पडले.

त्याच ऑक्टोबरात त्याने डाना इंग्रोव्हाशी लग्न केलं. डाना भालाफेक करायची. दोघांचा जन्म एकाच वर्षी, एकाच तारखेला. 1948 ते 1954 या काळात 10,000 मीटरच्या सलग 38 शर्यती त्याने जिंकल्या. 29 सप्टेंबर 1951 ला स्टारा बोलेस्लाव्ह इथे एका तासात 20,052 मीटर धावला. तासाला वीस किलोमीटर ओलांडणारा जगातला पहिला माणूस. 1 जून 1954 ला ब्रसेल्समध्ये 10,000 मीटर 28:54.2 मध्ये, म्हणजे 29 मिनिटांच्या आत, हाही पहिलाच. त्याच्या दोनच दिवस आधी पॅरिसजवळ 5000 मीटरचा विक्रम केला होता. जागतिक विक्रमांची एकूण बेरीज अठरावर जाते.

पण हेलसिंकीकडे वळू या. आपल्याकडे हेलसिंकी म्हटलं की कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधवच आठवतात, आणि ते रास्तच आहे. 23 जुलैला बँटमवेट फ्रीस्टाइल कुस्तीत त्यांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवलं. त्याच आठवड्यात झाटोपेकने शर्यतींच्या इतिहासात पुन्हा कधीच न घडलेली गोष्ट केली. 20 जुलैला 10,000 मीटर: सुवर्ण, 29:17.0. मिमून पुन्हा दुसरा.

खाशाबांच्या पदकाच्या दुसऱ्या दिवशी 5000 मीटर. ही शर्यत मला त्याच्या सगळ्या शर्यतींत थोर वाटते. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा चौघं एकत्र: ब्रिटनचा ख्रिस चॅटवे, जर्मनीचा हर्बर्ट शाडे, मिमून आणि झाटोपेक. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर तिघांनी त्याला मागे टाकलं. तो चौथा. पदकही जाणार असं दिसत होतं. शेवटच्या वळणावर तो बाहेरच्या बाजूने, म्हणजे जास्त अंतर पत्करून, तिघांना वळसा घालू लागला. तेवढ्यात चॅटवेचा पाय आतल्या कडेला अडकून तो आडवा झाला. झाटोपेक सरळ पट्ट्यावर आला तो पहिला. 14:06.6. शेवटची फेरी त्याने सुमारे 58 सेकंदांत मारली होती, आणि हा माणूस वेगवान म्हणून कधीच ओळखला जात नव्हता. चारशेच्या फेऱ्यांची सगळी वर्षं त्या एका वळणावर कामी आली. थोड्याच वेळाने डानाने भाला 50.47 मीटरवर फेकून सुवर्ण जिंकलं. एका घरात एका दुपारी दोन सुवर्णं.

27 जुलैला मॅरेथॉन. ती तो आयुष्यात कधी धावला नव्हता. ब्रिटनच्या जिम पीटर्सने सहाच आठवड्यांपूर्वी जगातली सर्वांत वेगवान मॅरेथॉन नोंदवली होती. झाटोपेकने ठरवलं, पीटर्सला धरून राहायचं. त्याचा क्रमांक बघून ठेवला, सुरुवातीच्या रेषेवर जाऊन स्वतःची ओळख करून दिली आणि त्याच्या मागे लागला. पीटर्स सुसाट निघाला होता. एक तृतीयांश अंतराच्या आसपास झाटोपेकने त्याला विचारलं, ही चाल बरोबर आहे का? पीटर्स दमला होता, पण तसं दाखवायला नको म्हणून म्हणाला, कमीच आहे. झाटोपेकने खातरजमा करून घेतली आणि पुढे निघाला. यात डाव होता की भाबडेपणा, यावर सत्तर वर्षं वाद चालू आहे. माझ्या मते त्याने खरंच सल्ला विचारला होता. नवख्याने जाणत्याला विचारावं तसा. पायात गोळे येऊन पीटर्सला पुढे शर्यत सोडावी लागली. झाटोपेक वाटेत मोटारीतल्या छायाचित्रकारांशी, कडेच्या पोलिसांशी गप्पा मारत एकटाच स्टेडियममध्ये शिरला. 2:23:03.2, ऑलिंपिक विक्रम. दुसरा आलेला अर्जेंटिनाचा रेनाल्दो गोर्नो अडीच मिनिटांनी आला. रिले जिंकलेल्या जमैकाच्या धावपटूंनी झाटोपेकला खांद्यावर घेऊन मिरवलं. याच मॅरेथॉनमध्ये दिल्लीचे सुरत सिंग माथूर तीन तासांच्या आत पोहोचले होते. त्यांचं नाव आपण विसरलो आहोत, म्हणून इथे लिहून ठेवतो.

5000, 10,000 आणि मॅरेथॉन, तिन्ही एकाच ऑलिंपिकमध्ये. 1976 मध्ये मॉन्ट्रियलला फिनलंडचा लासे व्हिरेन पहिली दोन जिंकून मॅरेथॉनला उभा राहिला आणि पाचवा आला. त्याच्याइतकं जवळ कोणी गेलेलं नाही.

हेलसिंकीनंतर चार वर्षांनी मेलबर्न. हर्नियाची शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झालेले. झाटोपेक मॅरेथॉनमध्ये सहावा आला. जिंकला होता मिमून, तीन ऑलिंपिक शर्यतींत झाटोपेकच्या मागे दुसरा राहिलेला. मिमून निघून गेला नाही. रेषेपाशी थांबून राहिला. दमून भागून आलेल्या झाटोपेकला आपण जिंकल्याचं त्याने सांगितलं. झाटोपेकने डोक्यावरची टोपी काढली, लष्करी सलाम ठोकला आणि मिठी मारली. सुवर्णपदकापेक्षा ती मिठी मोठी, असं मिमून आयुष्यभर सांगत राहिला.

प्रतिस्पर्ध्यापासून काही लपवून ठेवणं त्याला जमतच नसे. कोणी सरावाबद्दल विचारलं, की फेऱ्यांच्या आकड्यांसकट सांगून मोकळा. 1966 मध्ये ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला धावायला आला. क्लार्कच्या नावावर जागतिक विक्रमांची रांग होती, ऑलिंपिक सुवर्ण मात्र एकही नाही. निरोप देताना झाटोपेकने विमानतळावर त्याच्या हातात एक छोटं पुडकं ठेवलं. क्लार्कला वाटलं, काहीतरी चोरून देशाबाहेर पोहोचवायचं असेल. उडालेल्या विमानात उघडून बघतो तर 1952 चं 10,000 मीटरचं सुवर्णपदक, त्यावर क्लार्कचं नाव आणि तारीख कोरलेली. दोन वर्षांनी मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत क्लार्क 10,000 मीटर संपवून कोसळला, सहावा. सुवर्ण त्याला अखेरपर्यंत मिळालं नाही, म्हणजे झाटोपेकने दिलं तेवढंच.

आता राहिलेली बाजू.

जून 1950 मध्ये मिलाडा होराकोव्हा या संसद सदस्य राहिलेल्या बाईंना खोट्या खटल्यात फाशी दिलं गेलं. नाझींचा तुरुंगवास सोसलेली ही बाई. त्या शिक्षेचं समर्थन करणारा मजकूर झाटोपेकच्या नावाने छापून आला. तो त्याने स्वतः लिहिला की लिहून आणलेल्यावर सही केली, हा वाद आहे. तशा सह्या तेव्हा घाऊक घेतल्या जात. पण नाव त्याचं होतं आणि ते त्याने मागे घेतलं नाही. शांततेवर, समाजवादावर त्याची भाषणंही छापली जायची. राजवटीने त्याच्या पायांचा पुरेपूर वापर केला आणि त्यानेही हुद्दे, प्रवास, घर घेतलं. कर्नलपर्यंत चढला.

मग आलं 1968. लुडविक वाचुलिकने लिहिलेल्या, राजवटीत सुधारणा मागणाऱ्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले तेव्हा वेन्सेस्लास चौकात जमावासमोर उभा राहून तो बोलला. ऑलिंपिकच्या काळात शस्त्रं खाली ठेवायची प्राचीन परंपरा त्याने रशियन सैनिकांना ऐकवली, आणि सोव्हिएत संघाला मेक्सिकोत खेळू देऊ नये अशी मागणी केली. शिक्षा सावकाश पण नेमकी आली. पक्षातून काढलं, सैन्यातून काढलं, खेळाच्या जगात कुठे जागा उरली नाही. पुढे काही वर्षं तो जमिनीत बोअर मारणाऱ्या तुकडीबरोबर देशभर हिंडला. आठवडाभर चाकांच्या झोपडीवजा गाडीत मुक्काम, शनिवार-रविवारी घरी डानाकडे. तो प्रागमध्ये कचरा उचलायचा आणि लोक त्याच्या हातून डबे काढून घ्यायचे, ही जगभर फिरलेली गोष्ट आहे. ती रंगवलेली आहे. तिची गरजही नाही. पन्नाशीतल्या ऑलिंपिक विजेत्याने चिखलात पाइप ओढणं पुरेसं आहे.

आणि 1971 मध्ये पक्षाच्या मुखपत्रातून त्याने आपल्या 1968 च्या भूमिकेवर पाणी सोडलं. चुकलो म्हणून सांगितलं. त्याच्या मित्रांपैकी कितीतरी जण तसं न म्हणता झिजत होते; त्यांना हे फार लागलं. काहींनी त्याला पुढे माफ केलं नाही. मला त्यांचा राग समजतो. पण जो त्या वर्षी प्रागमध्ये नव्हता, त्याने झाटोपेकला भेकड ठरवू नये, आणि त्याचं पदक उजळावं म्हणून ही नोंद खोडूही नये. 1952 च्या विमानतळावर त्याच्याकडे राजवटीला हवी असलेली एक गोष्ट होती: न जिंकलेली सुवर्णं. तेव्हा सरकारला त्याची गरज होती. 1971 मध्ये तो एकोणपन्नास वर्षांचा होता, शर्यती संपल्या होत्या, सौदा करायला हातात काही नव्हतं. दोन्ही वेळचा माणूस एकच होता.

पुढे त्याला प्रागमध्ये क्रीडा दस्तऐवजांच्या केंद्रात जागा मिळाली. त्याला बऱ्याच भाषा यायच्या. परदेशी क्रीडा नियतकालिकं वाचून इतर देशांत सराव कसा चालतो, हे टिपून ठेवायचं काम त्याच्याकडे आलं. 1990 मध्ये, राजवट गेल्यावर, सैन्याने त्याची माफी मागून मान परत दिला. नोव्हेंबर 2000 मध्ये तो गेला. अंत्यविधी प्रागच्या राष्ट्रीय रंगमंदिरात झाला आणि दफन मोराव्हियातल्या रोझ्नोव्हला, जन्मगावाच्याच मुलखात. डाना आणखी एकोणीस वर्षं जगली. 1958 मध्ये वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तिने भालाफेकीचा जागतिक विक्रम केला होता, आणि 1960 मध्ये रोमला रौप्य मिळवलं होतं, नवऱ्याच्या शर्यती संपल्यानंतर. तिच्यावर मराठीत स्वतंत्र लेख व्हायला हवा.